पावसाच्या थेंबांचें मोजमाप

पर्जन्यमापकांत एक इंच पाणी सांचलें, म्हणजे एक इंच पाऊस झाला, एवढें आपण टिपून ठेवितों. तें पाणी लहान थेंबांनीं पडलें कीं मोठ्या, हें मात्र तें भांडें सांगत नाहीं. आणि जमिनीच्या दृष्टीनें तीच गोष्ट पुष्कळदां अधिक महत्त्वाची असते.

आंध्र प्रदेशांत तिरुपतीजवळ गादंकी येथें भारत सरकारच्या अवकाश विभागाची राष्ट्रीय वातावरणीय संशोधन प्रयोगशाळा आहे. तेथील मुख्य यंत्र म्हणजे १,०२४ अँटेनांचा प्रचंड रडार. सुमारें १३० मीटर लांबीरुंदीच्या जागेंत त्या ओळीनें उभ्या आहेत. त्यांतून सोडलेल्या ५३ मेगाहर्ट्झच्या लहरींचा अत्यल्प अंश निरभ्र हवेंतील खळबळीवरूनहि परत येतो, व वारा कोणत्या वेगानें वाहतो, हवा वर चढते कीं खालीं उतरते, हें त्यावरून कळतें.

परंतु शेतकऱ्यानें पाहावें असें यंत्र तेथें दुसरेंच आहे. तें म्हणजे थेंबमापक. तळहाताएवढ्या चकतीवर थेंब आपटला कीं त्या आघाताची विद्युत्-खूण उमटते, व तीवरून थेंबाचा व्यास ठरतो. गादंकीस दोन्ही मोसमी पाऊस पडतात. सारख्याच जोराच्या पावसांत नैर्ऋत्य मोसमाचे थेंब ईशान्य मोसमाच्या थेंबांहून मोठे असतात, असें या मोजणींत आढळलें. आपल्याकडे महाबळेश्वरास २०१२ सालीं मेघांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा निघाली. घाटावरील ढग बहुधा उथळ, म्हणून तेथें बारीक थेंब फार. पूर्वेकडील देशावर ढग उंच चढतात आणि खालच्या कोरड्या हवेंत बारीक थेंब वाटेंतच आटतात. मोठे तेवढे जमिनीपर्यंत पोंचतात.

यांतच देशावरील शेतकऱ्याचें नुकसान आहे. १ मिलिमीटरचा थेंब सेकंदास सुमारें ४ मीटर वेगानें पडतो, ४ मिलिमीटरचा सुमारें ९ मीटर वेगानें. आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें तेंच एक इंच पाणी मोठ्या थेंबांनीं पडल्यास उघड्या जमिनीवर सुमारें पांचपट मार बसतो. ढेंकळें फुटतात, वर पापुद्रा धरतो, पेरलेल्या बाजरीचा कोंब खालींच गुदमरतो, आणि न मुरलेलें पाणी माती घेऊन ओढ्यास जातें. काडीकचऱ्याचें आच्छादन हा मार स्वतःवर घेतें.

पाऊस मोजणारे रडारहि येथें फसतात. दुप्पट व्यासाच्या थेंबांत पाणी ८ पट, परंतु त्याचा प्रतिध्वनि ६४ पट! तेव्हां रडाराच्या आंकड्यांवर विसंबून कोणीं शेतांतील भांडें अडगळींत टाकूं नये.

थेंबमापक महाग आहे खरा. पण अमेरिकेंतील व्हरमाँटच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्यानें तें काम पिठावर केलें, व १९०४ सालीं आपलीं मोजमापें प्रसिद्ध केलीं. ताटांत चाळलेल्या पिठाचा एक इंच थर द्यावा, पावसांत तें कांहीं सेकंदच उघडें धरावें, आणि पीठ वाळूं द्यावें. प्रत्येक थेंबाची एक गोळी होते. त्या गोळ्या हलक्या हातानें चाळून काढाव्या व मोजाव्या.