मोटरचं शटर उघडेना? मेकॅनिकला फोन लावण्याआधी या ५ गोष्टी बघा

परदेशी व्हिडिओत गॅरेजचं दार बटणावर उघडतं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात खाली गाळा आणि वर घर असतं. दिवसा दुकान आणि रात्री त्याच शटरमागे गाडी. म्हणून आजचा धडा मोटरच्या रोलिंग शटरवर.

आधी सुरक्षा. अर्धवट अडकलेल्या शटरखाली उभं राहू नका, लहान मुलांना लांब ठेवा. हात लावायच्या आधी एमसीबी बंद करा. कंट्रोल बॉक्स उघडू नका, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहू शकतो.

१. वीज येते का?
एमसीबी पडलाय का, प्लग सैल झालाय का, ते बघा. आपल्याकडे सिंगल फेजचं व्होल्टेज साधारण २३० धरतात. ते खूप उतरलं की मोटर नुसती घुमते आणि शटर जागचं हलत नाही. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो चढवत बसू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

२. दोष रिमोटचा की मोटरचा?
भिंतीवरचं बटण दाबा. त्याने शटर चाललं तर मोटर ठीक आहे. रिमोटचा सेल बदला. बऱ्याच रिमोटमध्ये १२ व्होल्टचा छोटा सेल असतो. हजारोंची मोटर बदलायला निघालेला माणूस कधी कधी एका सेलवर सुटतो!

३. शटर कुठे अडकतंय का?
दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत माती, खडा किंवा वाकलेली पाती आहे का बघा. साइड मोटरला हाताने ओढायची साखळी असते. एमसीबी बंद ठेवून ती हळू ओढा. साखळी जड लागली तर बहुतेक दोष शटरमध्ये, हलकी चालली तर मोटर किंवा वायरिंगमध्ये. पट्ट्यांत ग्रीस थापू नका, त्यावर धूळ बसते. कोरड्या कापडाने पुसून सिलिकॉन स्प्रे मारा.

४. मोटर काय आवाज करते?
व्होल्टेज ठीक असूनही मोटर घुमते पण फिरत नाही, तर कपॅसिटरचा संशय घ्या. शटर चार-पाच वेळा खालीवर केल्यावर मोटर एकदम गप्प झाली, तर ती तापून स्वतःहून बंद झाली असेल. या मोटरी सतत चालवायला बनवलेल्या नसतात. अर्धा तास थांबा.

५. शटर चुकीच्या जागी थांबतं का?
थोडं वर राहतं किंवा टोकाला जाऊनही थांबत नाही, तर लिमिट स्विच बिघडलाय. न थांबणारं शटर दिसलं की लगेच मेन स्विच बंद करा. लिमिट बसवायचं काम मेकॅनिकचंच.

आता धंद्याचं बोलू. समजा, रोजची विक्री १२,००० रुपये आणि दुकान १२ तास उघडं, म्हणजे तासाला १,००० ची विक्री. मार्जिन २० टक्के धरलं तर तासाला २०० रुपये बुडाले. आकडा लहान वाटतो. पण सकाळी दूध-ब्रेड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं आणि तिथेच रुळलं, तर तो तोटा वहीत दिसत नाही.

मोटर घेतानाच एक प्रश्न विचारा: लाइट गेली आणि मी बाहेर असलो, तर आत कसा जाऊ? साखळी आतल्या बाजूला असते. दुसरं दार नसेल तर बॅकअप किंवा बाहेरून उघडायची सोय आधीच करून घ्या. आणि रिमोट हरवला तर त्याच दिवशी जुने रिमोट रद्द करून घ्या.

फोनवर मेकॅनिकला "शटर बिघडलंय" एवढंच सांगू नका. वीज आहे, बटण चालत नाही, साखळी हलकी आहे, मोटर घुमते. असं सांगितलंत तर तो योग्य पार्ट घेऊन येतो आणि दुसरी फेरी वाचते.

आजचा गृहपाठ: मेकॅनिकचा नंबर, मोटरचं मॉडेल आणि बसवल्याची तारीख एका कागदावर लिहून गल्ल्याजवळ चिकटवा. त्याचा एक फोटो मोबाइलमध्येही ठेवा, कारण शटर अडकलं की कागद आत आणि तुम्ही बाहेर!