नोकरीवरून काढले तर बेकारी भत्ता मिळतो का?

नोकरी गेली की घरात पहिला प्रश्न येतो तो पुढच्या महिन्याच्या खर्चाचा. भत्ता देणारे कार्यालय मात्र आधी वेगळेच विचारते: नोकरी गेली कशामुळे? या एका उत्तरावर भत्ता मिळणे किंवा न मिळणे अवलंबून असते. म्हणून कारागीर आणि मालक, दोघांनीही हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

आपल्या देशात प्रत्येक बेकाराला सरसकट भत्ता मिळत नाही. ज्याचा कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, भरलेला आहे, त्याच्यासाठी मात्र सोय आहे. 10 किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या कारखान्याला व दुकानाला हा विमा लागू होतो. 2017 मध्ये त्यासाठी मासिक वेतनाची मर्यादा 21,000 रुपये करण्यात आली. जुलै 2019 पासून मालकाचा हिस्सा 3.25 टक्के व कामगाराचा 0.75 टक्के ठरला.

या विम्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 1 जुलै 2018 पासून आली. प्रथम सरासरी रोजच्या मिळकतीच्या 25 टक्के मदत होती. 2020 च्या टाळेबंदीत ती 50 टक्के करण्यात आली. मदत आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त 90 दिवस. त्यासाठी किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी हवी. बेकार होण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि दोन वर्षांतील उरलेल्या तीन सहामाहींपैकी एकीत तितकीच.

कोणाला मिळते, कोणाला नाही?

काम कमी झाले म्हणून मालकाने माणसे कमी केली, कारखाना बंद पडला, तर कामगाराचा काही दोष नाही. तो अर्ज करू शकतो. परंतु शिस्तभंगाची शिक्षा म्हणून काढले असेल तर ही मदत मिळत नाही. स्वतःहून काम सोडणाऱ्यालाही नाही. बेकायदा ठरलेल्या संपात सामील असणारा, निवृत्तीचे वय झालेला, आणि दुसरीकडे कामाला लागलेला, हेही त्यातून वगळले जातात.

कागदावर काय लिहिले आहे?

खरी अडचण येथेच होते. मंदी आली की मालक म्हणतो, "राजीनाम्यावर सही कर, हिशोब लगेच देतो." माणूस अडलेला असतो, तो सही करतो. त्या क्षणी कागदोपत्री त्याने नोकरी स्वतः सोडलेली असते. मग भत्त्याचा दावा टिकणे कठीण. कामगार कपातीत एक वर्ष पूर्ण केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांचे वेतन भरपाई म्हणून मिळते, तीही हातची जाते. तेव्हा न वाचता सही करू नये आणि कामावरून कमी केल्याचे पत्र कारणासह मागावे. गैरवर्तनाचा आरोप खोटा वाटत असेल, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात वेळेत तक्रार करावी.

पगार कमी दाखवला तर?

मदत प्रत्यक्ष हातात पडणाऱ्या पगारावर नव्हे, तर विम्यात दाखवलेल्या पगारावर मोजली जाते. मागील दोन वर्षांच्या एकूण मिळकतीला 730 ने भागायचे व त्याचे निम्मे घ्यायचे. महिना 15,000 रुपये दाखवले असतील, तर 90 दिवसांचे सुमारे 22,200 रुपये होतात. तोच पगार 9,000 दाखवला तर सुमारे 13,300. वर्गणीत वाचवलेले थोडे रुपये कामगाराला असे महागात पडतात. आणि हजेरीपटावर ज्याचे नावच नाही, त्याला या योजनेत काहीच नाही.

अर्ज कसा करावा?

विमा क्रमांक, आधार आणि बँक खाते एकमेकांशी जुळलेले असावे. 2020 च्या बदलानंतर दावा 90 ऐवजी 30 दिवसांनी करता येतो, व तो मालकामार्फत न जाता थेट महामंडळाच्या शाखेकडे करता येतो. ही योजना कायमची नाही. 2022 व 2024 मध्ये तिची मुदत वाढवण्यात आली. म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेले नियम शाखेत विचारून घ्यावेत.

आमच्या मालक बांधवांनाही एवढेच सांगणे आहे. मंदीत माणूस कमी करावा लागणे हा धंद्याचा भाग आहे, त्यात कमीपणा नाही. पण कारण खरे लिहावे. ही मदत महामंडळाच्या विमा निधीतून मिळते, मालकाच्या गल्ल्यातून नव्हे. "काम नसल्यामुळे कमी केले" या एका ओळीने कायद्याने द्यावी लागणारी भरपाई मालकाला चुकत नाही, पण वर्षानुवर्षे आपल्याकडे राबलेल्या कारागिराच्या घरची चूल तीन महिने पेटती राहू शकते.