तोफेला बत्ती दे, पण तालात

मिनू, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तू गेम करते आहेस हे आईकडून कळलं. आईच्या भाषेत सांगायचं तर ‘ती काहीतरी तोफांचं गाणं करतेय’. मला हे वर्णन तुझ्या सात पानी आराखड्यापेक्षा आवडलं. वसईचा किल्ला, टॉवर डिफेन्स, आणि खेळता खेळता आपोआप घडत जाणारं संगीत. कल्पना झकास आहे गं. पण आराखडा वाचला आणि म्हटलं, हिच्याशी निवांत बोलायला हवं. वर्गातल्या मुलांसमोर नको, आपल्या दोघींतच.

तू पहिला महिना नकाशाला दिलास, दुसरा शत्रूंना, तिसरा बुरुज आणि तोफांना. संगीत शेवटच्या पंधरवड्यात, वरून भुरभुरवलेल्या कोथिंबिरीसारखं. हे उलटं कर. रोज स्टुडिओत बसून दुसऱ्यांच्या सिनेमांचे आवाज कापते-जोडते म्हणून सांगते, ज्या गोष्टीला शेवटचा पंधरवडा मिळतो तिला शेवटची रात्रच मिळते. आणि तुझ्या गेममध्ये संगीत ही सजावट नाहीच. तोफ कधी उडणार, हेच तुझं संगीत आहे.

तुझ्या तक्त्यात लहान तोफ ०.७ सेकंदाला उडते, मोठी १.९ सेकंदांनी. हे आकडे आधी खोड. सेकंद विसर, मात्रा मोज. मिनिटाला १२० मात्रांची लय धर, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. लहान तोफ दर मात्रेला, मधली दर चार मात्रांना, मोठी सोळा मात्रांतून एकदा, समेवर. आणि एखादी गरनाळ मुद्दाम तीन मात्रांची ठेव. तीन आणि चारची गाठ बाराव्या मात्रेला पडते, तीन आणि सोळाची थेट अठ्ठेचाळिसाव्या. ती गाठ पडते त्या क्षणी सगळ्या तोफा एकदम वाजतात आणि समोरची फळीही एकदम कोसळते. खेळणारी एकदा ते ऐकेल, मग पुढच्या वेळी त्यासाठीच तोफा मांडेल. तबल्याच्या क्लासला उगाच नाही पाठवलं तुला. लेहरा आठवतो ना? तबलजी वाटेल तिकडे हिंडून येतो, लेहरा आपला तोच. तुझ्या गेममध्ये एक लेहरा पक्का ठेव, बाकी सगळा गोंधळ खेळणारीचा.

सूर निवडताना हुशारी नको. पाचच घे, भूपाचे: सा, रे, ग, प, ध. यातले कुठलेही दोन एकत्र वाजले तरी कान किटत नाहीत, आणि तुझी खेळणारी काय मांडेल ते तुझ्या हातात नाही. प्रत्येक तोफेला वेगळं वाद्य देऊ नकोस, तोफेच्या जातीला दे. चाळीस तोफा झाल्या की चाळीस आवाज होतात, आणि त्याला संगीत नाही, नालासोपारा स्टेशनचा पूल म्हणतात. एका वेळी आठ-दहा आवाजांवर मर्यादा घाल. तोफ सुधारली की आवाज मोठा करू नकोस, वरच्या सप्तकात ने.

आता तुला अडणारा प्रश्न: खेळणारीने कळ दाबली आणि मात्रा अजून यायची आहे, मग तोफ लगेच उडवायची की थांबायचं? थांबायचं. मात्रेचे चार भाग केले तर जास्तीत जास्त १२५ मिलिसेकंद थांबावं लागतं. तेवढ्यात कळ दाबताच बत्ती पेटलेली दाखव. तोफेला बत्ती दिल्यावर क्षणभर थांबावं लागतंच की! जिथे दुसऱ्यांना ही दिरंगाई लपवावी लागते तिथे तुझ्या तोफेला ती शोभते. फक्त हे फ्रेमच्या घड्याळावर करू नकोस, एक फ्रेम सोळा-सतरा मिलिसेकंदांची असते आणि फोन तापला की तीही लांबते. युनिटीत ऑडिओचं वेगळं घड्याळ आहे, आवाज त्याच्यावर आधीच नेमून ठेवता येतो. तेच वापर.

हे कुणी केलंच नाही असं आराखड्यात लिहिलंयस, ते वाक्य काढ. व्हायवाला कुणीतरी जाणता निघतोच. तोशियो इवाईचा ‘ओटोकी’ १९८७चा, त्यात गोळी झाडली की सूर उमटतो. २००१च्या ‘रेझ’मध्ये नेम साधल्याचे आवाज तालावर येऊन पडतात. ‘मिनी मेट्रो’ तर तू खेळतेसच, २०१५चा. त्यात तू रेल्वेचं जाळं विणतेस आणि गाड्या-स्थानकांतून संगीत तयार होतं, ते काम डिझास्टरपीस या संगीतकाराचं. टॉवर डिफेन्सच्या बाजूने पाहिलंस तर १९९०चा ‘रॅम्पार्ट’ पूर्वज मानतात, आणि २००९च्या ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’मध्ये झॉम्बींची गर्दी वाढली की ढोल चढतात. हे सगळं मान्य करून पुढे बोल. तुझं म्हणणं त्याने लहान होत नाही.

मला खरं खुसपट काढायचं आहे ते दुसरीकडे. तुझ्या गेममध्ये खेळणारी आहे कोण?

बघ हं. टॉवर डिफेन्स म्हटलं की आपण आत, शत्रू बाहेर. वसईच्या किल्ल्यात १५३४पासून पोर्तुगीज होते. १७३९ला बाहेरून चालून आले ते चिमाजीअप्पा. म्हणजे तुझ्या पहिल्याच लेव्हलला आपली वसईची पोरगी पोर्तुगीजांच्या तोफा मराठ्यांवर रोखून बसणार! आराखड्यात तू हे ‘मावळे विरुद्ध फिरंगी’ असं लिहून सोडून दिलंस, बाजू सांगितलीच नाहीस. टाळू नकोस. घाबरायचंही कारण नाही, कारण याच किल्ल्याला दुसरा वेढा पडला होता. १७८०मध्ये आत मराठे होते आणि बाहेरून जनरल गॉडर्डची इंग्रज फौज. डिसेंबरात किल्ला पडला. तटबंदी तीच, बुरुज तेच, आतली माणसं बदललेली. दोन लेव्हल कर: पहिली १७३९, दुसरी १७८०. दोन्ही वेळा किल्ला पडतो, म्हणजे अखेर हार ठरलेली आणि गुण किती तग धरला याचे. या प्रकारच्या गेमला ते साजेसंच आहे.

आणि इथे तुझं संगीत कामाला येतं. पहिल्या लेव्हलला चर्चच्या घंटा ठेव, सम दाखवायला. वसई घेतल्यावर मराठ्यांनी इथल्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर जी आहे तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर एक. तेव्हा १७८०च्या लेव्हलला घंटा वाजताच कामा नये. समेवर नगारा घे. कोणी सांगितलं नाही तरी खेळणारीला काहीतरी गेल्यासारखं वाटेल आणि ती विचारेल. माहितीची पाटी लावून हे साधत नाही.

सुरुंगाचंही ऐक. १७३९ला तटाखाली सुरुंग खणून सान सेबस्तियान बुरुजाला खिंडार पाडलं, म्हणजे हा शत्रू नकाशावरच्या वाटेने येतच नाही. त्याला दाखवू नकोस, ऐकव. एका कानात खालून ठोके, लेहऱ्याशी न जुळणारे, बेताल. इतका वेळ सगळं तालात ऐकलेल्या कानाला तेवढं बेताल लगेच टोचेल. संपूर्ण गेममध्ये तालाबाहेरचा आवाज हा एकच ठेव, दुसरा कुठलाही नाही. शरणागतीच्या अटींत पोर्तुगीजांना हत्यारांसह, ढोल वाजवत, निशाणं फडकवत बाहेर पडायची मुभा होती. हरल्यावर ‘गेम ओव्हर’ लिहिण्याऐवजी एवढंच वाजव: खेळणारीने उभारलेला ताल, तिच्याच लयीत, फक्त ढोलावर. जेवढं तिने नीट मांडलं असेल तेवढी तिची मिरवणूक सुरेख.

एक व्यवहाराची गोष्ट. तुझे खेळणारे कुठे असतील? सकाळच्या विरार लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून, कानात ब्लूटूथ. ब्लूटूथ आवाज उशिरा पोचवतं, कधी दीडशे-दोनशे मिलिसेकंदांनीसुद्धा. म्हणून ‘तालावर बोट दाबा’ असा गेम लोकलमध्ये फसतो आणि तुझा चालेल, कारण तुझ्या खेळणारीला तालावर काही करायचंच नाही, मांडायचं आहे. हा मुद्दा व्हायवात ठासून सांग. पण निम्म्या बायका आवाज बंद करूनच खेळतील, शेजारची डुलकी घेत असते. त्यामुळे समेला तट किंचित उजळू दे, आणि सुरुंगाच्या ठोक्याला जमिनीवर धूळ उडू दे.

तुझा तो जोडीदार ऑनलाइन आवाजांचं तयार बंडल विकत घ्या म्हणतोय ना, त्याला सांग, नगारा नि शिंग विकत घे हवं तर, पण किल्ल्याचा आवाज आपला. पडक्या चर्चमध्ये टाळी वाजवली की ती कशी परत येते हे कुठल्याच बंडलात नसतं. छप्पर नाही, त्यामुळे गुंजन अर्धवट, वरून निसटतं. ते घेतलं की तुझ्या सगळ्या तोफांना तीच जागा मिळेल. पाचूबंदरला होड्यांच्या इंजिनाचा ठेकाही धर, गॉडर्डच्या लेव्हलला नाही वापरता येणार, पण मेन्यूवर छान बसेल.

आणि जोडीदार कोड लिहिणार, तू ‘बाकीचं’ बघणार, ही वाटणी मला मुळीच पसंत नाही. तालाचं घड्याळ तू लिही. स्वतः. बाकीचं त्याला बघू दे. पुढे मुलाखतीला बसशील तेव्हा तेच विचारतील, आणि ‘ते त्याने केलं’ म्हणायची पाळी तुझ्यावर येऊ नये.

या रविवारी मला सुट्टी आहे. वसई रोडवरून पहिली बस धरू, आठच्या आत किल्ल्यात पोचायचं, नंतर प्री-वेडिंगवाले ड्रोन घेऊन येतात आणि मग फक्त ड्रोनच रेकॉर्ड होतं. रेकॉर्डर माझा, पेन्सिल सेल तू आण. आईला फक्त फिरायला चाललोय म्हणून सांग, नाहीतर डबा करायला पहाटे उठेल.