डाव्या कानाचं मनावर घे

अगं, फोन डाव्या कानाला लावला की आवाज येतो पण शब्द लागत नाहीत, असं परवा तू सहज बोलून गेलीस. वर म्हणालीस, वय झालं आता. वयानं कान मंदावतात ते दोन्ही, साधारण बरोबरीनं. एकच कान मागे पडत असेल, त्यातच सारखं कुंई वाजत असेल, तर तो दाखवायलाच हवा. आणि न्हाताना डोळे मिटले की तुझा तोल जातो, हे मला आईकडून कळावं?

बहुतेकदा कारण साधंच निघतं. पण क्वचित आठव्या नसेवर, म्हणजे कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ असते. व्हेस्टिब्युलर श्वानोमा, बरेच डॉक्टर अजून अकॉस्टिक न्यूरोमाच म्हणतात. हा कॅन्सर नव्हे, ती अंगभर पसरत नाही. उगवते तोलाच्या नसेवर, पण हाडातल्या त्याच अरुंद वाटेनं ऐकण्याची आणि चेहऱ्याची नसही जाते. म्हणून बहुधा आधी ऐकू येणं कमी होतं. गाठ इतकी सावकाश वाढते की तोलाचं काम मेंदू दुसऱ्या कानावर निभावून नेतो. गरगरत नाही, पण अंधारात किंवा डोळे मिटल्यावर पाय डगमगतात.

तेव्हा ऑडिओमेट्री कर, शब्द ओळखण्याची चाचणीही मागून घे. दोन कानांत फरक दिसला तर एमआरआय, तो गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन. सीटी स्कॅनवर भागवू नकोस, लहान गाठ त्यात निसटते.

आणि निघालीच गाठ, तरी घाईनं ऑपरेशनला हो म्हणू नकोस. लहान असली तर सहा महिन्यांनी, मग दरवर्षी एमआरआय करून नुसती नजर ठेवतात. कित्येक गाठी वर्षानुवर्षं वाढतच नाहीत. वाढू लागली तर गॅमा नाइफ आहे: चिरफाड नाही, किरणांनी वाढ रोखायची, गाठ मात्र आत राहते. मेंदूच्या देठावर दाब आला की मग बहुधा ऑपरेशन. तिथे सर्जनना न लाजता विचारायचं, अशा किती केसेस केल्यात, चेहऱ्याची नस कितपत वाचेल? त्यांना राग येणार नाही. आला तर दुसऱ्यांकडे जाऊ.

गेलेलं ऐकणं सहसा परत येत नाही गं, म्हणून मागे लागलेय. मी येते बरोबर. आणि मधेच एखाद्या दिवशी कान एकदम बंद पडला, तर माझी वाट बघू नकोस; त्याच दिवशी ईएनटीकडे जा.