जुन्या बुलेटचा क्लच वाजतो तेव्हा : निदानाची रीत

मोटारसायकलच्या क्लचमधून आवाज येऊ लागला की बहुधा एकच सल्ला मिळतो : ‘क्लचप्लेटी गेल्या, बदलून घ्या.’ प्लेटींचा संच बदलला जातो, मजुरी दिली जाते आणि आठ दिवसांनी तोच आवाज पुन्हा कानी येतो. याचे कारण सरळ आहे. झिजलेल्या प्लेटी मुख्यत्वे घसरतात. इंजिन जोरात फिरते, पण गाडी त्या मानाने पळत नाही. त्या सहसा वाजत नाहीत. वाजणारा भाग दुसराच असतो. ज्या घरात एकच दुचाकी आहे आणि तिच्यावरच कामाला जाणे-येणे आहे, तेथे चुकीच्या निदानाने पैसा जातो आणि कामाचा दिवसही बुडतो. म्हणून गाडी खोलण्यापूर्वी घरीच करता येईल अशी तपासणी येथे मांडत आहोत.

उदाहरणासाठी आम्ही १९५५ पासून मद्रास येथे तयार होऊ लागलेली बुलेट ३५० घेतली आहे. तिचे इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची घरे निरनिराळी असल्यामुळे आवाजाचे उगमस्थान शोधणे सोपे जाते. इंजिनाच्या डाव्या टोकावरचे दातेरी चाक एका दुहेरी साखळीने मागच्या क्लच ड्रमला फिरवते. हीच प्रायमरी चेन. ड्रमच्या आत एकाआड एक प्लेटी असतात. घर्षणाच्या प्लेटी ड्रममध्ये अडकलेल्या, तर पोलादी प्लेटी मधल्या हबवर. हा हब गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टवर बसवलेला असतो. स्प्रिंगा प्लेटींना दाबून धरतात तोवर ड्रम आणि हब एकजीव होऊन फिरतात. हँडलवरची लिव्हर दाबली की पोकळ मुख्य शाफ्टमधून गेलेला पुशरॉड दाबाची प्लेट उचलतो आणि ड्रम हबपासून सुटा होऊन फिरत राहतो.

निदानाची किल्ली या रचनेतच आहे. न्यूट्रलमध्ये लिव्हर सोडलेली असताना गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट फिरत असतो. दाबल्यावर तो मंदावतो. याउलट, दाबल्यावरच ड्रमच्या बेअरिंगला हबपासून वेगळे फिरावे लागते आणि पुशरॉडवर भार येतो. म्हणून आवाज ‘कसा’ आहे यापेक्षा तो ‘केव्हा’ येतो हे आधी विचारावे. खडखड, खळखळ, घरघर हे शब्द कानागणिक बदलतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. साक्षीदाराच्या विशेषणांपेक्षा त्याने सांगितलेला घटनाक्रमच अधिक उपयोगी पडतो.

गाडी मोकळ्या हवेत, मेन स्टँडवर उभी करावी. बंद खोलीत हा प्रयोग कदापि करू नये. धुरातील विषारी वायू जीव घेतो. इंजिन गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये मंद चालू ठेवून लिव्हर सावकाश पूर्ण दाबावी, क्षणभर धरावी, सोडावी. असे चार-पाच वेळा करावे.

लिव्हर दाबताच आवाज थांबत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टच्या बेअरिंगकडे जातो. मात्र त्याआधी इंजिनाची मंद गती थोडी वाढवून पाहावी. तेवढ्याने आवाज नाहीसा झाला, तर अडखळत्या गतीमुळे प्लेटींचे दाते ड्रमच्या खाचांत आपटत होते इतकेच; कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून काम भागते. दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर ड्रमचे बेअरिंग किंवा पुशरॉडची टोके पाहावीत. अशा वेळी केबलचा मोकळेपणाही तपासावा. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढिलाई हवी. ती मुळीच नसेल तर पुशरॉड सतत दाबलेला राहतो, त्याची टोके तापून झिजतात आणि क्लच घसरू लागतो. आमच्या मते निम्म्या तक्रारी येथेच मिटाव्यात, पण साध्या पान्याच्या कामावर कोणाचा विश्वास बसत नाही.

लिव्हर दाबा वा सोडा, आवाज जवळजवळ तसाच राहतो, ही तिसरी अवस्था जुन्या बुलेटमध्ये वारंवार आढळते. येथे पहिला संशय प्रायमरी चेनचा. मंद गतीत खळखळ, अॅक्सिलरेटर एकदम सोडल्यावर ती वाढणे आणि एकसारख्या ओढीत कमी होणे, ही ढिल्या चेनची लक्षणे. इंजिन बंद करून आधी चेनकव्हरमधील तेलाची पातळी पाहावी. हे तेल इंजिनाच्या तेलाहून वेगळे असते, आणि इंजिनात तेल घातले म्हणजे सगळीकडे पोहोचले, या समजुतीने ते कित्येक महिने दुर्लक्षित राहते. मग डावे पायदान व ब्रेकचे पेडल बाजूला करून, खाली परात ठेवून, कव्हर काढावे. ते मधल्या एकाच नटावर असते. चेनची वरची बाजू मध्यभागी वरखाली हलवून सुमारे सहा मिलिमीटर ढिलाई मिळाली पाहिजे.

ही ढिलाई एकाच जागी मोजून थांबू नये. चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. स्पार्क प्लग काढून, वरच्या गिअरमध्ये मागचे चाक हाताने थोडे थोडे फिरवावे आणि प्रत्येक वेळी चाक थांबवून, मगच बोट लावून चेन तपासावी. जेथे ती सर्वांत ताठ असेल तेथे सहा मिलिमीटर धरून खालचा ताण देणारा पट्टा बसवावा. ढिल्या जागी माप घेऊन चेन कसली तर ताठ जागा आल्यावर दोन्ही बाजूंच्या बेअरिंगांवर ओढ बसते. आवाज आज थांबतो, पण बेअरिंगे बिघडतात. ताठ आणि ढिल्या जागांत फारच फरक असेल, किंवा कव्हरच्या आतल्या बाजूस चेन घासल्याचे चकचकीत ओरखडे दिसत असतील, तर समायोजनात वेळ न घालवता चेन बदलावी. चालत्या गाडीत ती तुटली तर कव्हर फुटू शकते आणि स्वाराच्या जिवावर बेतू शकते.

कव्हर उघडलेच आहे तर ड्रमच्या खाचाही पाहाव्यात. प्लेटींच्या दात्यांनी त्यांच्या कडांवर पायऱ्या पाडल्या असतील तर प्लेटी मोकळ्या सरकत नाहीत; गाडी उठताना झटका बसतो, न्यूट्रल सापडत नाही. आल्टरनेटर असलेल्या गाड्यांत त्याचा रोटरही याच कव्हरमध्ये असतो. त्याचा नट ढिला झाला तर येणारी ठकठक क्लचच्या माथी मारली जाते. टॅपेट आणि टायमिंगचे गिअर मात्र उजव्या बाजूस आहेत; आवाज तिकडून येत असेल तर क्लचला हात लावण्याचे कारण नाही.

कव्हर परत लावताना मधला नट अवाजवी आवळू नये. कव्हर वाकते आणि तेल गळू लागते. तेल पातळीपर्यंत भरून पुन्हा लिव्हरचा तोच प्रयोग करावा. तरीही आवाज राहिलाच, तर मेकॅनिककडे जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात : आवाज लिव्हर दाबल्यावर येतो की सोडल्यावर, थंड इंजिनात की गरम, डावीकडून की उजवीकडून, आणि तेल शेवटचे केव्हा बदलले.