पीजचे दूरचित्रवाणी केंद्र

एखादे दूरचित्रवाणी केंद्र मोठे की लहान, हे कशावरून ठरवावे? वर्गात हा प्रश्न विचारला की मुले चटकन प्रक्षेपकाच्या शक्तीचे नाव घेतात. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. आपल्या माळव्याच्या पश्चिमेस असलेल्या गुजरातेतील एका लहान केंद्राचा इतिहास पाहिला म्हणजे हे ध्यानी येईल.

प्रथम थोडे शास्त्र. दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल. त्यामुळे मनोरा जितका उंच व प्रक्षेपक जितका शक्तिमान, तितका त्याचा टापू मोठा. १०० वॅटचा प्रक्षेपक एखादे शहर व भोवतालची गावे यांपुरताच पुरतो.

१९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर भारतात एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षण, शेती व आरोग्य यांचे कार्यक्रम दाखविण्यात आले. त्या राज्यांत आपले मध्यप्रदेशही होते. कल्पना डॉ. विक्रम साराभाई यांची. ती प्रत्यक्षात आणणाऱ्यांत मराठी शास्त्रज्ञ एकनाथ वसंत चिटणीस अग्रभागी होते. परंतु उपग्रहाची एक अडचण असते. तो आकाशातून सर्वांना एकच गोष्ट सांगतो. बिहारच्या व राजस्थानच्या शेतकऱ्याची जमीन निराळी, बोली निराळी. कार्यक्रम मात्र एकाच हिंदीत.

या अडचणीचे उत्तर त्याच वर्षी नडियादजवळील पीज या गावी शोधले गेले. तेथे अवघ्या १ किलोवॅटचा प्रक्षेपक बसविण्यात आला. खेडा जिल्ह्यातील सुमारे ४०० गावांत सार्वजनिक ठिकाणी संच ठेवले गेले. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राचे लोक आधी गावोगाव फिरत, लोकांची निकड विचारीत व मगच कार्यक्रम तयार करीत. त्यांत त्या भागातील चरोतरी बोली ऐकू येई. ‘दाद फरियाद’ या कार्यक्रमात तर गावकऱ्यांच्या तक्रारी अधिकाऱ्यांपुढे मांडल्या जात. पाहणारा येथे बोलणाराही झाला! या कार्याबद्दल १९८४ साली युनेस्कोचे ग्रामीण संपर्काचे पारितोषिकही मिळाले.

याच सुमारास देशात लघुशक्ती प्रक्षेपकांची लाट आली. १९८४ साली काही महिने तर जवळजवळ दररोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. पण ते बहुतेक उपग्रहाकडून आलेला दिल्लीचा कार्यक्रम जसाच्या तसा पुढे देत. मला त्या दिवसांची आठवण आहे. आमच्या मोहल्ल्यात संच शेजारी होता. कोणीतरी गच्चीवर चढून अँटेना फिरवी व खाली ओरडे, “आले का?” चित्र आले की आम्ही मुले टाळ्या पिटीत असू. परंतु आमच्या नळाला तीन दिवस पाणी नाही, हे मात्र त्या पडद्यावर कधीच आले नाही. आनंद खरा होता; पण त्या पडद्यावर आम्ही नव्हतो.

आणि पीज? १९८५ साली तेथील प्रक्षेपक मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी हलविण्यात आला. गावकऱ्यांनी विरोध केला. यंत्र जाते म्हणून लोक सहसा रडत नाहीत. येथे त्यांची दाद घेणारे दार बंद होत होते.

अलीकडच्या वर्षांत दूरदर्शनचे बहुतेक जुने प्रक्षेपक बंद झाले. आता प्रत्येकाच्या खिशातील फोन साऱ्या जगापर्यंत पोहोचतो. शक्ती अपार वाढली. तरीही विद्यार्थ्यांनी पहिला प्रश्न पुन्हा विचारावा आणि उत्तरात एक ओळ जोडावी : केंद्राचा आवाज किती दूर जातो हे तर पाहावेच, पण कोणाचा आवाज त्यातून उमटतो हे आधी पाहावे. समाजासाठी काढलेल्या प्रत्येक संस्थेलाही हीच कसोटी लागू पडते.