शर्यतीच्या मोटारींतील इंधनाची टांकी व पंप

अमेरिकेंत ‘ड्रॅग रेसिंग’ नांवाची मोटारींची एक शर्यत असते. दोन गाड्या सरळ रस्त्यावर शेजारींशेजारीं उभ्या राहतात, दिव्याची खूण होतांच सुटतात, आणि जी प्रथम शेवटची रेषा गांठील ती जिंकते. हें अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट असतें; अत्यंत वेगवान वर्गांसाठीं तें २००८ सालीं १००० फुटांवर आणलें गेलें. प्रेक्षकांचें लक्ष एंजिनाकडे असतें. आम्ही येथें त्यास इंधन पुरविणारी टांकी व पंप ह्यांचा विचार करणार आहों.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. रसायनशास्त्रांत ‘फ्युएल सेल’ म्हणजे हायड्रोजन व प्राणवायु ह्यांच्या संयोगानें वीज देणारा घट. शर्यतीच्या गाडींतील ‘फ्युएल सेल’ ही मात्र सुरक्षित टांकी होय. बाहेर कठीण पेटी, आंत रबराचा लेप दिलेल्या चिवट कापडाची पिशवी, आणि पिशवींत स्पंजासारखा सच्छिद्र पदार्थ, अशी तिची रचना असते. पेटी चेपली तरी पिशवी वांकते, सहसा फाटत नाहीं. आंतील स्पंजामुळें इंधन फारसें हिंदकळत नाहीं, व वाफेचा भडका पसरण्यास अडथळा होतो.

ही सुधारणा मोठें मोल देऊन रुजली. ३० मे १९६४ रोजीं इंडियानापोलिस येथील ५०० मैलांच्या शर्यतींत, दुसऱ्याच फेरींत, डेव्ह मॅक्डॉनल्ड ह्यांची गाडी भिंतीवर आदळून पेटली व एडी सॅक्स ह्यांची गाडी तिच्यावर धडकली. दोघेही मृत्यु पावले. ही शर्यत ड्रॅग रेसिंगची नव्हती. तथापि त्यानंतर टांक्यांचे नियम कडक झाले, आणि पिशवीच्या टांकीचा प्रसार इतर शर्यतींतही झाला.

आतां गतीचा नियम पाहूं. बैलगाडी एकदम पुढें निघाली म्हणजे घागरींतील पाणी मागें उसळतें. तसेंच टांकींतील इंधन मागें लोटलें जातें. म्हणून तें घेण्याचें तोंड मागील बाजूस ठेवावें लागतें. तें उघडें पडलें तर पंप इंधनाऐवजीं हवा ओढील.

पंप केवढा असावा, हें गणितानें काढतां येतें. पेट्रोलच्या एंजिनास दर अश्वशक्तीमागें तासाला सुमारें २२७ ग्रॅम इंधन लागतें, असें धरूं. मग १००० अश्वशक्तीस २२७ किलो, म्हणजे तासाला सुमारें ३०० लिटर, अर्थात् मिनिटाला ५ लिटर झालें. परंतु एक भाग पेट्रोल जाळण्यास १४.७ भाग हवा लागते, तर नायट्रोमिथेनला केवळ १.७ भाग, कारण त्याच्या रेणूंतच प्राणवायु असतो. म्हणून तितक्याच हवेबरोबर आठपटींहून अधिक इंधन द्यावें लागतें. ‘टॉप फ्युएल’ वर्गाच्या गाडींतील पंप एंजिनाच्याच बळावर फिरतो, आणि पूर्ण वेगांत मिनिटाला सुमारें ३८० लिटर देऊं शकतो!

पुरवठा कमी पडल्यास मिश्रण विरळ होतें, उष्णता अनावर होते व पिस्टन वितळतात. यावरून विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, एंजिनाचें बळ पुरवठ्याच्या बळाहून अधिक कधींच नसतें; आणि जें इंधन गाडीस वेग देतें, तेंच नीट कोंडून न ठेवल्यास चालकाचा प्राण घेतें.